कस्तुरबांची चूल

यंदाच्या स्मरणिकेत आहारावर काहीतरी लिहा, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जीवनसत्त्वे, प्रथिने यांवर लिहायला आपल्या मंडळात शिकलेल्या भगिनी पुष्कळ आहेत. पण गेल्या हिवाळ्यात आपली वर्धा-सेवाग्रामची सहल झाली, त्या वेळी बा कुटीच्या उंबऱ्याशी मी बराच वेळ उभी राहिले होते आणि आपल्या मंडळींनी मला दोनदा हाका मारल्या होत्या, हे काहींच्या लक्षात असेल. त्या दिवसापासून मिळेल ते वाचत गेले. गांधीजींच्या आहाराच्या प्रयोगांवर खूप लिहिले गेले आहे. पण ते प्रयोग ज्या चुलीवर शिजले, ती चूल कोणाची होती? म्हणून मी कस्तुरबांचेच चरित्र लिहायला घेतले आहे. त्यात आहार आपोआप येईल.

कस्तुरबांचा जन्म १८६९ साली काठेवाडात पोरबंदरला झाला. वडील गोकुळदास माकनजी व्यापारी, घर खाऊनपिऊन सुखी. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलीला शाळेत घातले नाही. तेरा-चौदा वर्षांच्या असतील नसतील तोच त्यांचे लग्न मोहनदास गांधींशी झाले. नवरा त्यांच्याहून काही महिन्यांनी लहानच. सासूबाई पुतळीबाई मोठ्या व्रतस्थ. चातुर्मासात एकभुक्त राहणे ही त्यांना साधी गोष्ट. एका चातुर्मासात सूर्यदर्शन झाल्याशिवाय जेवायचे नाही असा त्यांनी नेम धरला होता. पावसाळ्याचे दिवस, सूर्य ढगाआड. मुले अंगणात उभी राहून आभाळाकडे बघत आणि सूर्य दिसला की आईला बोलवायला धावत. तोवर सूर्य पुन्हा लपलेला असे आणि पुतळीबाई हसत परत कामाला लागत. अशा घरात नव्या सुनेने काय शिकले असेल हे आपल्याला सांगायला नको. बाजरीचा रोटला, ताक, गूळ, मेथीची ढेबरी, तुरीची डाळ हे त्या मुलखाचे अन्न, आणि उपासतापास हे त्या घराचे वळण.

नवऱ्याच्या मनात बायकोला शिकवायचे फार होते. ते जमले नाही. दिवसा वडीलधाऱ्यांसमोर बोलायची चोरी, आणि रात्री पुस्तक घेऊन कोण बसणार! बांना पुढे कशीबशी गुजराती लिहिता-वाचता येऊ लागली, इतकेच. हे वाचून मला थोडा धीर आला, हे कबूल करते.

१८८८ मध्ये गांधीजी बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेले, तेव्हा हरिलाल अगदी तान्हा होता. मांसाला शिवणार नाही अशी शपथ त्यांनी आईपाशी घेतली होती. लंडनला पहिले दिवस उपाशीच गेले. मग एक शाकाहारी खाणावळ सापडली, शाकाहारी मंडळींची ओळख झाली आणि तिथून जे आहाराचे वेड लागले ते जन्मभर. मसाले सोडले. पूर्वी बेचव वाटलेली नुसती उकडलेली पालकाची भाजी आता गोड लागू लागली. चव जिभेवर नसून मनात असते, असे त्यांनी तेव्हापासून धरले.

१८९१ मध्ये ते परत आले ते सुधारणा घेऊनच. चहा-कॉफीऐवजी ओटची लापशी आणि कोको घ्यायचा, असे घरात ठरले. झाले असे की चहा-कॉफीही राहिली आणि लापशी-कोको तिच्यात वाढले. हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथेत प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. मी वाचले तेव्हा हसूच आले. ज्या घरात पुरुषाने एकदम नवा आहार आणला आहे, त्या घरात असेच होते. आमच्याकडे एका उन्हाळ्यात नाचणीचे सत्त्व आले होते, तेव्हा मीही सकाळी दोन पातेली चुलीवर ठेवीत होते.

१८९६ च्या अखेरीस बा मुलांना घेऊन नवऱ्याबरोबर दक्षिण आफ्रिकेला निघाल्या. बोटीवर मुलांना बूटमोजे, जेवताना काटे-चमचे. पायांना फोड येत, मोज्यांना वास येई, पण बॅरिस्टरसाहेबांचा हुकूम. काही वर्षांनी त्यांनी स्वतःच तो थाट टाकला आणि मग काटे-चमचेही गेले. असो.

मध्ये दोनेक वर्षे ही मंडळी हिंदुस्थानात आली होती, तेव्हा १९०२ साली मुंबईत गिरगावात बिऱ्हाड होते. तेथे दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला. ताप १०४ पर्यंत जाई. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप द्यायला सांगितले. गांधीजींनी ते नाकारले आणि पाण्याचे उपचार, ओल्या चादरीत गुंडाळणे, पाणी घातलेला संत्र्याचा रस यांवर मुलगा बरा केला. हा सारा प्रसंग त्यांनी सविस्तर लिहिला आहे. त्यात मुलाचे बोलणे आहे, डॉक्टरांचे आहे, रात्रीच्या वेळी स्वतः चौपाटीवर फिरून आल्याचे आहे. बांचे मात्र काही नाही. त्या कुठेतरी त्याच खोलीत उभ्या असणार. विषमज्वराला आज औषधे आहेत आणि आज कोणी मुलाला नुसत्या संत्र्याच्या रसावर ठेवू नये, हेही येथे सांगून ठेवते.

दक्षिण आफ्रिकेत परत गेल्यावर जोहान्सबर्गच्या घरी गांधीजींनी सात पौंडांना हातजाते विकत घेतले. त्याचे लोखंडी चाक एका माणसाला जड, दोघांना सोपे. गांधीजी, त्यांचे मित्र पोलक आणि मुले रोज सकाळी दळायला बसत, कोंड्यासकट पिठाची बिनखमिराची भाकरी घरात होई. बा कधीमधी हात लावीत, कारण दळणाची वेळ तीच त्यांची स्वयंपाकाला लागण्याची वेळ होती. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. दळण पुरुष करीत होते! आपल्या आज्या-पणज्यांना जात्यावरचे गाणे माहीत होते, पण जात्याच्या दुसऱ्या बाजूला बॅरिस्टर बसलेला त्यांनी पाहिला नसेल. न चाळलेल्या पिठात कोंडा राहतो, त्यामुळे पोट साफ राहते आणि ब जीवनसत्त्वही वाया जात नाही. हे आज आपल्याला डॉक्टर सांगतात. आपण मात्र गिरणीतून आणलेले पीठ मैद्याच्या चाळणीने चाळतो आणि कोंडा गाईला घालतो. गाय धष्टपुष्ट होते.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला बसले, तो सांगते.

१९०९ च्या सुमारास बा फार आजारी पडल्या. अंगावरून रक्त जात असे आणि ते थांबेना. डरबनला शस्त्रक्रिया झाली. प्रकृती इतकी अशक्त की गुंगीचे औषधही देता आले नाही, आणि बांनी ते सारे निमूटपणे सोसले. नंतर डॉक्टरांनी गोमांसाचा रस दिला पाहिजे असा आग्रह धरला. गांधीजींनी डॉक्टरांना सांगितले की तिची इच्छा असेल तर द्या, माझ्या इच्छेने होणार नाही. बांना विचारले. हाडांचा सापळा झालेल्या त्या बाईने सांगितले की मनुष्यजन्म पुन्हा पुन्हा मिळत नाही, तुमच्या मांडीवर मेले तरी चालेल पण असल्या पदार्थाने देह बाटविणार नाही. डॉक्टर रागावले. पावसाच्या रिपरिपीत बांना आगगाडीने फिनिक्सला नेले आणि स्टेशनापासून आश्रमापर्यंतचे अडीच मैल झोळीत घालून माणसांनी वाहून नेले. त्या वाटेत बाच नवऱ्याला धीर देत होत्या.

काही दिवस बरे गेले आणि रक्तस्राव पुन्हा सुरू झाला. तेव्हा गांधीजींनी कुठेतरी वाचलेले आठवून बांना मीठ आणि डाळ सोडायला सांगितले. बांनी मानले नाही. त्यांनी पुस्तकांतले दाखले दिले, तरी मानले नाही. शेवटी बा वैतागून म्हणाल्या की तुम्हाला कोणी सांगितले तर तुम्हालाही मीठ आणि डाळ सोडवणार नाही. गांधीजींनी त्याच क्षणी जाहीर केले की तू सोड वा न सोड, मी आजपासून वर्षभर दोन्ही सोडले. बांना धक्काच बसला. त्या रडल्या, क्षमा मागितली, तुमचा स्वभाव ठाऊक असून मी का बोलले म्हणाल्या, मीही सोडते पण तुम्ही आपला शब्द मागे घ्या म्हणाल्या. शब्द मागे घेणे त्या माणसाला ठाऊक नव्हते. पुढे रक्तस्राव थांबला. गांधीजींनी हा प्रसंग आपल्या आयुष्यातल्या गोड आठवणींत घातला आहे.

बांनी घातला असता का, ते माहीत नाही. ज्या बाईने तव्यावर काही करायचे तिने दोघांसाठी आता बिनमिठाचे, बिनडाळीचे करायचे. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी यजमानांना रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितले. मीठ सोडले ते त्यांनी नाही, मी. मी चटणी-लोणच्याच्या बरण्या माळ्यावर ठेवल्या, आमटीत निम्मे मीठ घालू लागले, आणि मुले चार दिवस तोंड वाकडे करून जेवली. पंधरा दिवसांत जीभ वळली. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक लहान चमचाभर मीठ पुरे म्हणते, आणि त्यात पापड, फरसाण, लोणचे सगळे आले. मिठाविषयी गांधीजींचे बरेचसे बरोबर ठरले. डाळीविषयी मात्र मी त्यांचे ऐकणार नाही आणि कोणी ऐकू नये. ज्या घरात मांसमासळी नाही तेथे डाळ, उसळ, दूध-ताक यांतूनच प्रथिने मिळायची. बांचा आजार मीठ-डाळ सोडल्यानेच गेला की शस्त्रक्रियेचा गुण उशिरा आला, हे कोणी सांगावे? गांधीजींनीही त्याची खात्री दिलेली नाही.

१९१३ साल उजाडले. हिंदी रीतीने लागलेली लग्ने कायदेशीर धरायची नाहीत, असा निकाल तिकडच्या न्यायालयाने दिला. म्हणजे बांसारख्या बायका एका दिवसात लग्नाच्या बायका राहिल्या नाहीत. सप्टेंबरात फिनिक्सहून सोळाजणांची पहिली तुकडी निघाली, तीत बा होत्या. तीन महिन्यांची सक्तमजुरी मिळाली आणि मॅरित्सबर्गच्या तुरुंगात त्यांना कपडे धुवायला लावले. बांचा तेव्हा फलाहाराचा नेम होता. तुरुंगाने तो मानला नाही, तेव्हा बांनी अन्नच घेतले नाही. अखेर फळे मिळाली, पण पोट भरण्याइतकी नाहीत. सुटून आल्या तेव्हा ओळखू येत नव्हत्या. ज्या बाईला काही वर्षांपूर्वी नवरा मीठ सोड म्हणून विनवीत होता, तीच आता आपल्या नेमासाठी सरकारशी भांडत होती. हा फरक कोठून आला, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे. मला वाटते, नेमाचा हट्ट तिचा माहेर-सासरचाच होता. दुसऱ्याने लादलेला नेम मात्र तिला चालत नव्हता.

१९१५ च्या जानेवारीत सारे हिंदुस्थानात परतले आणि अहमदाबादेजवळ कोचरबला आश्रम सुरू झाला. तेथे दुदाभाई नावाचे अस्पृश्य गृहस्थ बायको दानीबेन आणि लहान मुलगी लक्ष्मी यांच्यासह राहायला आले. बांना ते रुचले नाही. चरित्र लिहिताना हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. स्वयंपाकघरातली शिवाशिव ही बायकांच्या हाडीमांशी खिळलेली असते. बांनाही ती सोडायला दिवस लागले, पण त्यांनी ती सोडली. लक्ष्मीला पुढे गांधीजींनी आपली मुलगी मानले.

१९१७ मध्ये त्या चंपारण्यात गेल्या. तेथे आधी गांधीजींचे वकील साथी आपापला आचारी आणि आपापली चूल मांडून बसले होते, रात्री उशिरापर्यंत जेवणे चालत. गांधीजींनी थट्टा करून करून एकच साधे स्वयंपाकघर सुरू करविले. बा खेड्यात बायकांना स्वच्छतेच्या गोष्टी सांगत. एका बाईचे कपडे मळलेले दिसले तेव्हा गांधीजींनी बांकडून विचारपूस करविली. त्या बाईने बांना आत नेऊन रिकामी झोपडी दाखविली आणि अंगावरची ही एकच साडी आहे, धुऊ कशी, असे सांगितले. पोषण, स्वच्छता यांवर मंडळात व्याख्यान ठेवताना हा प्रसंग मला नेहमी आठवतो.

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात गांधीजी शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू यांवर राहत होते आणि आव झाली तरी ऐकत नव्हते. सणाचा दिवस होता. बांनी त्यांच्यासाठी गव्हाची गोड लापशी केली, आणि ते तूप खात नाहीत म्हणून तेल घालून केली. शिवाय वाटीभर मूग. गांधीजी जेवणार नव्हते, पण मोह झाला. थोडेसे खाऊन बांना खूश करायचे आणि आपल्या जिभेचेही समाधान करायचे, असे म्हणता म्हणता पोटभर जेवले. तासाभरात आव जोरात उसळली. माणूस मरणाच्या दारापर्यंत गेला. बांना काय वाटले असेल! आपण हौसेने केलेले कोणाला बाधले तर आपल्याला आठ दिवस झोप येत नाही.

दूध घेतल्याशिवाय शरीर भरणार नाही, असे मुंबईचे डॉक्टर दलाल सांगत होते. गांधीजींनी १९१२ सालीच दूध सोडले होते. गाई-म्हशींची दुधासाठी होणारी हालअपेष्टा ऐकून त्यांनी ते व्रत घेतले होते. बा खाटेजवळ उभ्या राहून सारे ऐकत होत्या. त्यांनी मध्येच म्हटले की मग बकरीच्या दुधाला तुमची हरकत नसावी. डॉक्टरांनी ते उचलले. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, बकरी नव्हती. गांधीजी कबूल झाले, आणि पुढे ती बकरी जगभर प्रसिद्ध झाली. आपण व्रताची अक्षरे पाळली, भावना मोडली, याची टोचणी त्यांना कायम राहिली. बांना राहिली असेल असे मला वाटत नाही. शाळेत न गेलेल्या बाईने डॉक्टरांना आणि बॅरिस्टरांना न सुचलेली वाट काढली. या देशाच्या पुढच्या तीस वर्षांच्या इतिहासात त्या वाटीभर दुधाचा वाटा किती, हे इतिहासकारांनी मोजावे.

साबरमतीचे दिवस मोठे आहेत, पण एकच गोष्ट सांगते. १९२९ मध्ये गांधीजींनी आपल्या पत्रात जाहीर लेख लिहून बांचा एक अपराध जगाला सांगितला. कोणीतरी भेट म्हणून दिलेले चार रुपये बांनी आश्रमाच्या कचेरीत जमा न करता आपल्याजवळ ठेवले होते. पूर्वीही असे एकदा घडले होते. आश्रमाचा नियम नियमच, हे खरे. पण भगिनींनो, आपल्यापैकी कोणाच्या तांदळाच्या डब्यात चार नोटा नाहीत? नातवंड आले तर हातावर काही ठेवावे, लेकीची पाठवणी रिकामी करू नये, एवढ्यासाठीच त्या असतात. बांनी तो अपमानही गिळला आणि त्या आश्रमातच राहिल्या. तेथे आलागेला, आजारी, पोरके पोर, सगळे बांच्याच ओसरीवर येत.

त्याच साली गांधीजींनी न शिजविलेले धान्य भिजवून खाण्याचा प्रयोग आश्रमात केला. स्वतः अशक्त झाले, पुन्हा पोट बिघडले आणि प्रयोग सोडावा लागला. चुकले ते चुकले म्हणून त्यांनी लिहिलेही. मोड आलेली मटकी थोडी वाफवून घ्यावी, हे आपल्या घरोघरी आधीच ठाऊक होते.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. ज्याने मीठ सोडले त्यानेच गरिबाच्या मिठासाठी दांडीपर्यंत पायपीट केली. बा पुढच्या वर्षांत पुन्हा पुन्हा तुरुंगात गेल्या. १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याला गांधीजींचे उपोषण चालू होते, तेव्हा बांना साबरमतीच्या तुरुंगातून तेथे आणले. पुणे करार झाला आणि २६ तारखेला उपोषण सुटले ते बांच्या हातच्या संत्र्याच्या रसाने.

१९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचे काम चाले आणि कुमारप्पा ते पाहत. तेथे हातसडीचा तांदूळ, जात्याचे पीठ, गूळ, घाणीचे तेल, सोयाबीन यांचे प्रयोग झाले. १९३५ मध्ये गांधीजींनी पालेभाज्यांवर लिहिले. मुळ्याचा, गाजराचा, सलगमचा पाला, मोहरी आणि शेपू, जे आपण शिजवून किंवा फेकून देतो, ते धुऊन कच्चे थोडे थोडे खाऊन पाहिले आणि त्याचा गुण सांगितला. गरिबाला फळे परवडत नाहीत, पण परसातला पाला परवडतो, असे त्यांचे म्हणणे होते.

येथे मी थोडी थांबते, कारण हे माझ्या अंगावरून गेले आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या रक्ताची तपासणी झाली तेव्हा हिमोग्लोबिन आठ निघाले. जिने चढताना धाप लागे आणि मी ते वयावर घाली. डॉक्टरीणबाईंनी मी काय जेवते ते विचारले. मी सगळे सांगितले. मग त्यांनी किती वाजता आणि कोणानंतर जेवते ते विचारले, तेव्हा मला उत्तर देता येईना. सगळ्यांचे झाल्यावर पातेल्यात जे राहील ते, आणि भाजी बहुधा राहत नाही. २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरांतल्या सत्तावन्न बायकांत रक्त कमी आढळले. म्हणजे आपल्या मंडळाच्या सभेत बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक. गोळ्या घेतल्याच पाहिजेत, मी घेतल्या. पण सोबत चाकवत, मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, थंडीत हरभऱ्याचा कोवळा पाला, असा त्या त्या ऋतूचा पाला रोज ताटात घेऊ लागले. वर लिंबू पिळायचे, कारण त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा मात्र नाही, तो लोह अडवतो. आणि माझे ताट मी इतरांबरोबर वाढून घेते. पहिल्या दिवशी सासूबाईंनी पाहिले, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझ्या ताटात भाजी वाढली.

१९३६ पासून शेगाव, म्हणजे आजचे सेवाग्राम. आदिनिवासात सगळ्यांची एकत्र वर्दळ. बांना आडोसा नाही. तेव्हा जमनालालजींच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी वेगळी झोपडी बांधली गेली. तीच बा कुटी. चौपन्न वर्षांच्या संसारानंतर त्या बाईला स्वतःची खोली मिळाली. म्हणूनच मी त्या उंबऱ्याशी उभी राहिले होते. भिंती मातीच्या, आत जवळजवळ काही नाही.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत छोडो भारतचा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींना पकडले. त्या संध्याकाळी शिवाजी पार्कवर ते बोलणार होते. त्यांच्या जागी मी बोलेन, असे बांनी जाहीर केले. वय त्र्याहत्तर. त्यांनाही पकडले आणि दोन दिवसांनी पुण्यास आगाखान महालात नेले. १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई तेथेच एकाएकी वारले. बांनी त्यांना मुलासारखे मानले होते.

त्या कैदेत गांधीजींनी आरोग्यावर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात बैठे काम करणाऱ्या माणसाच्या दिवसाच्या अन्नाचे मोजमाप आहे. दूध दोन पौंड, धान्य सहा औंस, पालेभाजी तीन औंस, इतर भाजी पाच औंस, कच्ची भाजी एक औंस, तूप दीड औंस आणि गूळ किंवा साखर दीड औंस. ताजी फळे आवडीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे. माप वाचून मी हिशोब मांडला. धान्य म्हणजे आपल्या जेमतेम सहा-सात पोळ्या दिवसभरात, आणि भाजी त्याहून दीडपट. आपल्या ताटात उलटे असते. माणशी रोज जवळजवळ लिटरभर दूध मात्र आपल्यापैकी कोणाच्या घरी परवडेल ते विचारायला हवे होते.

त्याच महालात लग्नानंतर साठ वर्षांनी बांची शाळा पुन्हा भरली. गांधीजी त्यांना गुजराती वाचायला शिकवीत, भूगोल सांगत. बा पंजाबच्या नद्यांची नावे पाठ करीत आणि दुसऱ्या दिवशी विसरत. शहरे आणि प्रांत यांची त्यांच्याकडून गल्लत होई. तरी वही घेऊन बसत.

१९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींचे एकवीस दिवसांचे उपोषण झाले, ते बांनी डोळ्यांसमोर पाहिले. वर्षअखेरीस त्यांचे हृदय थकले. धाप लागे, पडून राहता येत नसे, बसल्या बसल्या रात्री काढीत. धाकटा मुलगा देवदास याने पेनिसिलीन मिळविले होते. आता सुया टोचून तिला त्रास देऊ नये, असे गांधीजींनी ठरविले. यावर आजही लोक वाद घालतात. देवदासनेच गंगाजल आणि तुळशी आणली होती. २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, बांनी नवऱ्याच्या मांडीवर प्राण सोडला. जशी इच्छा तीस-पस्तीस वर्षांपूर्वी डरबनच्या खाटेवर बोलून दाखविली होती, तशी. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी नेसवून दुसऱ्या दिवशी महालाच्या आवारातच दहन झाले. राखेत पाच काचेच्या बांगड्या अखंड सापडल्या.

त्यांच्या नावाने जमलेला निधी एक कोटीच्या वर गेला आणि त्यातून खेड्यांतल्या बायका-मुलांसाठी कस्तुरबा स्मारक ट्रस्ट उभा राहिला. सुईणी, बालवाड्या, ग्रामसेविका असे त्याचे काम. आगाखान महाल १९६९ मध्ये आगाखानांनी देशाला दिला. बांची आणि महादेवभाईंची समाधी तेथे शेजारी शेजारी आहे.

सेवाग्रामहून परतल्यावर मी आणि धाकटी जाऊ पुण्याला लग्नाला गेलो होतो, तेव्हा सकाळी तेथे जाऊन आलो. गर्दी नव्हती. समाधीवर कोणीतरी सोनटक्क्याची दोन फुले ठेवली होती. दर्शन झाल्यावर फाटकाबाहेर झाडाखाली बसून आम्ही डबा सोडला. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि गुळाचा खडा. जाऊबाई म्हणाल्या की भाजीत मीठ कमी आहे. मी लिंबाची फोड पुढे केली.